श्रावणात मोजलेला जबडा

माझ्या खालच्या जबड्याचं हाड इतकं झिजलेलं की दाताचा स्क्रू बसवायला जागाच नव्हती. कवळी बोलताना उडायची, खाताना टोचायची. चारचौघांत जेवणं मी सोडूनच दिलेलं. पोट बिघडलंय म्हणायचं आणि घरी येऊन वरणात भात कालवून गिळायचा. शरम वाटायची, दुसरं काय!

ठाण्याच्या डॉक्टर मॅडमनी श्रावणात स्कॅन काढला. त्यावरून कॉम्प्युटरवर माझ्या हाडाच्या मापाची टायटॅनियमची जाळी बनवायची, हिरडी उघडून ती हाडावर बसवायची आणि तिच्यावर पक्के दात. त्यांनी माझ्या जबड्याचा प्लास्टिकचा नमुना हातात ठेवला. वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसत होता. "काकू, जाळी आली की लगेच करू. ही सैल कवळी हाड आणखी खातेय," त्या म्हणाल्या.

जाळी आली विसर्जनानंतर. तेवढ्यात मानपाड्याहून मोठ्या जाऊबाईंचा फोन. "अगं, पितृपक्षात कुणी हाडाला हात लावतं का?" आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. मग बाळकुमला आमच्याकडे घट बसले. घटाचं सगळं मीच बघते, तर मी कशी पडून राहणार? मग दिवाळीचा फराळ, जो मला चावतासुद्धा येत नाही! तोवर पुतण्याचं लग्न ठरलं, मुहूर्त निघाला माघातला. "लग्नात काय तोंड सुजवून फिरणार?" जाऊबाईंनी विचारलं. मी ह्यांच्यावर खेकसले, "अहो, जबडा माझा आहे ना?" तर म्हणाले, "एवढी वर्षं काढलीस, आणखी थोडं थांबलीस तर काय बिघडतं?" आणि मी थांबले. लग्नात जिलबी कुस्करून गिळली, फोटोत ओठ मिटून हसले. आतून नुसती जळत होते.

लग्न उरकल्यावर गेलो. मॅडमनी पुन्हा स्कॅन काढला आणि श्रावणातल्या स्कॅनशेजारी स्क्रीनवर लावला. श्रावणातल्या हाडावर जाळी चपखल बसत होती. आताच्या हाडावर ठेवली तर खाली फट, चांगली नजरेत भरणारी. "काकू, मधल्या काळात हाड आणखी गेलंय. ही जाळी आता नाही बसवता येणार. नवीन डिझाइन करू. तोपर्यंत कवळी मात्र अजिबात घालू नका."

मी तिथेच कवळी काढून डबीत टाकली. रडू फुटलं ते आवरेना. हे टेबलावरची जाळी उलटसुलट करून बघत राहिले.

रिक्षा बाळकुमात वळली तसे हे हळूच म्हणाले, "अगं, घाल ना ती. सोसायटीच्या गेटवर सगळे बसलेले असतात." मी संतापाने त्यांच्याकडे वळले. काहीतरी सणसणीत बोलायला तोंड उघडलं, तर दातांशिवाय नुसती हवाच बाहेर पडली. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं.

मी डबी उघडली आणि कवळी घातली.