माय, हात लावू का?

पंचफुलाला कोणी ‘मोठी सेवा करते हो बाई तू’ म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. सेवा देवाची करा, मी कामाला जाते, असं ती तोंडावर ऐकवते. आमच्या जानेफळात आणि आसपासच्या खेड्यांत अंथरुणाला खिळलेल्या माणसांना अंघोळ घालणं, त्यांचं हगणं-मुतणं काढणं, कूस बदलणं, घास भरवणं हे तिचं काम. आधी ती मेहकरला एका दवाखान्यात आया होती. तो दवाखाना बंद पडला आणि ती घरोघरी जाऊ लागली. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काटक, तोंडानं फाटकी. तिचं कोणाशी पटत नाही आणि तिच्यावाचून कोणाचं भागतही नाही.

मीही रागीट, म्हणून आमचं जमतं. माझी पिठाची चक्की आहे, हिंमतरावांच्या घराला अगदी लागून. त्यांच्या आईला, अन्नपूर्णाबाईला, लकवा मारला तेव्हा पंचफुलाला त्या घरात मीच नेलं. त्यामुळे पुढे जे झालं ते मला कोणी सांगायची गरज नाही, आणि गावानं काय सांगितलं ते तर मुळीच ऐकू नका.

अन्नपूर्णाबाई म्हणजे बाजारातला आवाज होता. मळ्यातली वांगी, मेथी, गवार डोक्यावर घेऊन ती निघाली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. आणि तिचा तो बुचडा! कमरेच्या खाली जाणारे केस वळून असा गच्च बांधायची, की टोपलीखाली चुंबळ कशाला घेतेस म्हणून बाया तिची थट्टा करायच्या. नवरा गेला तेव्हा तिनं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, पण बुचडा तसाच राहिला. केस पांढरे झाले तरी तोच थाट. मग लकवा आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला.

पंचफुला पहिल्या दिवशी आली तेव्हा खाटेभोवती सगळे उभे होते. म्हातारीला कुठे ठेवायचं, कसं धुवायचं, घोंगडी टाकायची की चादर, सगळं तिच्या अंगावरून बोलणं चाललेलं. जणू आत कोणी नव्हतंच. पंचफुला खाटेशी बसली, तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, “माय, हात लावू का?” आणि नुसती थांबली.

हिंमतराव हसले. तिला बोलता येत नाही, ती काय सांगणार, म्हणाले. पंचफुलानं वळूनही पाहिलं नाही. तिनं म्हातारीला समजावलं, की ‘हाव’, म्हणजे हो, असेल तर हात उचल, नाही असेल तर मूठ आवळ. बऱ्याच वेळानं तो डावा हात गादीवरून वर आला. तेव्हापासून ती हर वेळी विचारायची. पाणी घालायच्या आधी, लुगडं सोडायच्या आधी, तोंड पुसायच्या आधी. मूठ आवळलेली असली तर खुशाल थांबायची.

मी एकदा विचारलं, इतका वेळ कशाला घालवतेस. तेव्हा तिनं सांगितलं. तरुणपणी एका शिबिरात तिचं ऑपरेशन झालं होतं. टेबलावर तिला पोतं पालथं करावं तसं इकडून तिकडे केलं, वरून आपसात डब्याला काय आणलं ते बोलत होते, आणि एकानंही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांचा तो राग तिनं सांभाळून ठेवला होता आणि कामाला लावला होता.

त्या घरात तिची भांडणं काही कमी झाली नाहीत. एका पाहुणीनं तिचा चहाचा कप वेगळा ठेवायला सांगितला. पंचफुला विहाराकडच्या वस्तीतली, हे पाहुणीला कुठून तरी कळलं होतं. पंचफुलानं कप तिच्यासमोर उपडा ठेवला. “मी तुमच्या म्हातारीचं ढुंगण धुतो ते चालते, अन् माह्या हाताचा कप चालत न्हाई?” ती म्हणाली. सुवर्णानं, म्हणजे हिंमतरावांच्या बायकोनं, तो कप उचलला, त्यात चहा ओतला आणि पाहुणीदेखत स्वतः प्यायली.

सुवर्णा अशी आहे. बोलत नाही, करते. पंचफुलाच्या जोडीनं तिनं सगळं शिकून घेतलं, विचारायचंसुद्धा. आणि हिंमतराव? दारातून ‘जेवली का माय?’ विचारायचे आणि मळ्याकडे जायचे. हे बाईमाणसांचं काम, पोरानं मायच्या अंगाला कसा हात लावावा, असं त्यांचं म्हणणं. चार लोकांत मात्र छाती पुढे करून सांगायचे, की मायसाठी मी काही कमी केलं नाही. खरं आहे. हवेची गादी आणली, पंखा आणला, चाकाची खुर्ची आणली. स्वतःला तेवढं आणलं नाही.

हळूहळू त्या दोघींनी अन्नपूर्णाबाईला ओट्यापर्यंत आणलं. सकाळच्या उन्हात खुर्चीवर बसवायच्या, पंचफुला विचारून केस मोकळे करायची, तेल लावायची, फणीनं एकेक गुंता सोडवायची आणि बुचडा बांधायची. येणारे-जाणारे रामराम करायचे, म्हातारी डावा हात वर करायची. बाजार गेला होता, पण ओटा मिळाला होता. मी चक्कीतून पाहायची आणि मला बरं वाटायचं.

मग पंचफुलाची लेक बाळंत झाली आणि ती काही दिवसांसाठी साखरखेर्ड्याला गेली. इकडे सोयाबीनची सोंगणी आलेली. सुवर्णानं एकटीनं म्हातारीचं सगळं केलं, वर शेत केलं. केसांना तेवढा वेळ मिळाला नाही. गुंता झाला, उवा झाल्या. होतात. फणीनं निघतात. एका दुपारी सुवर्णा शेतात असताना हिंमतरावांनी न्हाव्याला बोलावलं आणि आईच्या डोक्यावर मशीन फिरवायला सांगितलं.

हे मला न्हाव्यानंच सांगितलं, दळण घेऊन आला तेव्हा, खाली मान घालून. तो नको म्हणत होता. म्हातारीनं मूठ आवळली होती, हात झाडत होती. मग हिंमतरावांनी तिचा हात धरून ठेवला. आजारी पडल्यापासून या माणसानं आईला पहिल्यांदा हात लावला तो असा. पंधरा पावलांवर माझी चक्की चालू होती. चक्की चालू असली की शेजारचं काही ऐकू येत नाही, आणि तिला तर ओरडताही येत नव्हतं.

संध्याकाळी सुवर्णाची किंकाळी ऐकून मी धावले. अन्नपूर्णाबाईचं डोकं एवढंसं झालं होतं, लहान लेकराचं असतं तेवढं. ठिकठिकाणी कापल्याचे ओरखडे. तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि मूठ आवळून घेतली. त्यानंतर ती मूठ काही सुटेना. ओट्यावर येईना, तोंड उघडेना. चमच्यानं पाणी तेवढं घ्यायची. सुवर्णानं आमटीत भाकर कुस्करून नेली, मऊ भात नेला, शिरा केला. ओठ घट्ट मिटलेले. असंच चाललं असतं तर ती आठवडाभरही काढू शकली नसती, हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

आणि गाव काय म्हणालं? सुनेनं भादरलं. माझ्या चक्कीत उभं राहून बाया बोलल्या, की सून ती सून, हिच्या हातून दुसरं काय होणार. एकीचं दळण मी अर्ध्यात थांबवलं आणि डबा तिच्या हातात दिला. तुमच्या घरचं पीठ दुसरीकडे दळा म्हटलं. पण सुवर्णा स्वतः एका शब्दानं बोलली नाही. नवऱ्याची लाज झाकायची सवय बायकांना कोण लावतं कोण जाणे. मला तर तिचाही राग आला.

पंचफुला परत आली तेव्हा तिला स्टँडवरच बातमी मिळाली होती, तीही गावानं बनवलेली. पिशवी हातातच, ती घरात शिरली आणि सुवर्णावर तुटून पडली. तुला शिकवलं ते यासाठी का, दोन दिवस फणी फिरवायला हात मोडले होते का तुझे. सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती. मी मध्ये पडून सांगणार, एवढ्यात मळ्यातून हिंमतराव आले आणि दारात उभे राहिले.

त्यांचा आवाज ऐकताच अन्नपूर्णाबाईनं पदर पुढे ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. डावी मूठ छातीशी धरली.

पंचफुलानं ते पाहिलं. बोलायची थांबली. सुवर्णाकडे पाहिलं, मग हिंमतरावांकडे. आजवर ती त्यांना भाऊ म्हणायची, तुम्ही म्हणायची.

“तू केलं हे?”

“उवा झाल्या होत्या,” हिंमतराव म्हणाले. “तू नव्हती. कोन विंचरन मंग? मी पोरगा मानूस...” न्हाव्यानं सांगितलेलं मी तेवढ्यात बोलून टाकलं, की यांनी तिचा हात धरून ठेवला होता.

“हात धराले पोरगा मानूस नव्हता काय तू?” पंचफुलाचा आवाज चढलाच नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली. “माय मेल्यावर पोरगं आपलं डोकं भादरते. तू तं जित्त्या मायचं भादरलं.”

हिंमतराव खांबाला धरून खाली बसले. पंचफुला सुवर्णाजवळ गेली, तिच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला आणि चुकलं म्हणाली. मग हिंमतरावांना तिनं सांगितलं, की आजपासून या डोक्याला तेल तू लावायचं. मी लावणार नाही, वहिनी लावणार नाहीत. आणि विचारून लावायचं. नाही म्हणाली तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. हे होत नसेल तर मी ही निघाले, मग दुसरी कोणी शोध.

दुसरी कोणी नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. सकाळी ते तेलाची वाटी घेऊन खाटेशी आले. पाच फूट दहा इंचांचा बाप्या, वाटी या हातातून त्या हातात घेत उभा. पंचफुला कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. “इचार,” ती म्हणाली. त्यांनी कसंबसं विचारलं. मूठ आवळलेली. तोंड भिंतीकडे. ते वाटी घेऊन परत गेले.

त्या दिवशी पंचफुलाच्या हातून म्हातारीनं दोन चमचे पेज घेतली, बस्स. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ. मला वाटलं, म्हातारी हट्टानं जाणार आणि हा माणूस जन्मभर वाटी धरून उभा राहणार. खोटं कशाला बोलू, त्याच्याबद्दल मला काही वाईट वाटलं नाही.

नंतरच्या एका सकाळी मी पेज घेऊन तिथेच होते, पंचफुला कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. हिंमतराव या वेळी उभे राहिले नाहीत, खाटेखाली जमिनीवर बसले. “माय,” ते म्हणाले, “हात लावू का?”

भिंतीकडचं तोंड वळलं. अन्नपूर्णाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, चांगलं रोखून. मूठ सुटली. हात गादीवरून वर येऊ लागला. हो म्हणते आहे असं समजून हिंमतराव पुढे झुकले, आणि तिनं त्या हातानं, त्यांनी दाबून धरलेल्या त्याच हातानं, त्यांच्या थोबाडीत मारली. जोर नव्हता. आवाज झाला. वाटीतलं तेल त्यांच्या मांडीवर सांडलं.

सुवर्णा दारातून पाहत होती. हिंमतरावांनी गाल पुसला नाही, मागेही सरकले नाहीत. अन्नपूर्णाबाईनं दम घेतला, त्याच हातानं पदर खाली ओढला आणि ते ओरखड्यांचं उघडं डोकं मुलासमोर वाकवलं.

पंचफुलानं तांदळातून मान वर केली.

“माय ‘हाव’ म्हनून राह्यली,” ती म्हणाली. “लाव आता.”