आमच्या ग्रिलवरचा बॅनर

आमच्या खिडकीच्या ग्रिलला सासऱ्यांनी बॅनर लावला होता. त्यावर एवढंच लिहिलं होतं: ‘मी देव मानत नाही. माझं बरं चाललं आहे.’

आमचं घर घाटकोपरला, गल्लीच्या तोंडाशी, तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात. ग्रिल दोन्ही बाजूंना वळलेलं. त्यामुळे गल्लीत शिरणाऱ्यालाही ते दिसतं, आणि पुलावरून जाणाऱ्या मेट्रोतल्या माणसांच्या तर अगदी समोर येतं. वळणावर मेट्रो जरा हळू होते. दोन ओळी वाचायला तेवढं पुरतं.

सासरे मूळचे रत्नागिरीकडचे. गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. देव न मानणं हे त्यांचं जुनंच, पण त्यावरून घरात वाद झालेला मी तरी कधी पाहिला नाही. सासूबाई होत्या तोवर पूजा त्या करायच्या, त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. फुलपुडी मात्र सकाळच्या फेरीहून येताना सासरेच आणायचे. मी एकदा म्हटलं, “बाबा, तुम्ही कशाला? मी आणीन.” तर म्हणाले, “मी बाजारातूनच येतो ना? तू कशाला वेगळी फेरी मारतेस?”

बॅनरचं त्यांच्या डोक्यात आलं ते त्यांचा मित्र मुलाकडे नाशिकला राहायला गेल्यावर. दोघं रोज संध्याकाळी बागेत बसायचे, आणि दोघंही एकाच मताचे. मित्र गेल्यावर बाकावर उरलेली मंडळी चांगली होती, पण त्यांचं बोलणं उपास, यात्रा आणि कुठले महाराज कधी येणार यावरच चालायचं. सासरे मला म्हणाले, “ऐकायला माझी ना नाही गं. पण कधीतरी मलाही बोलावंसं वाटतं. माझ्यासारखा आणखी कुणी इथे असेल, तर त्याला कळणार कसं?”

त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, ग्रिलला बॅनर लावला तर चालेल का. सेक्रेटरी म्हणाले, “लावा की काका, सगळेच लावतात.” काय छापणार हे काही त्यांनी विचारलं नाही. बॅनर छापणाऱ्याने मात्र विचारलं, फोटो कुणाचा टाकायचा. सासरे म्हणाले, कुणाचाच नाही. मग त्याने विचारलं, खाली शुभेच्छुक कोण? सासरे म्हणाले, “मीच. पण लिहू नकोस.” तरी त्याने स्वतःच्या मनाने कडेला झेंडूची फुलं टाकून दिली.

पहिले काही दिवस कुणी काही बोललं नाही. भाजीवाल्याकडे एका अनोळखी बाईंनी ‘तुमचाच ना तो बॅनर?’ म्हणून सासऱ्यांना थांबवलं, आणि दोघं तिथेच पिशव्या हातात धरून बराच वेळ बोलत उभे राहिले. त्या दिवशी ते खुशीत घरी आले.

मग कुणीतरी मेट्रोतून फोटो काढला आणि तो फिरत फिरत आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला. ‘हे काय चाललंय’, ‘बिल्डिंगचं नाव खराब होतं’, असं एकेक सुरू झालं. एकाने लिहिलं, ‘बरं चाललंय तर चालू दे की.’ पण ते मेसेजांच्या गर्दीत कुठच्या कुठे गेलं. सेक्रेटरींचा माझ्या नवऱ्याला फोन आला. तो कामावरून आला तो चिडलेलाच.

“बाबा, घरात काय मानायचं ते माना ना. बाहेर कशाला सांगत बसायचं?”

“बाहेर सगळेच सांगतायत,” सासरे म्हणाले. “चौकात देवांचे बॅनर बघ. कुणाला मी काढ म्हटलंय?”

“त्यांची गोष्ट वेगळी आहे.”

“कशी वेगळी?”

नवरा टॉवेल घेऊन आंघोळीला निघून गेला. खरं सांगायचं तर मलाही तो बॅनर रस्त्यावरून वाचताना अवघडल्यासारखं व्हायचं. मी ज्या लॅबमध्ये रिसेप्शनला आहे, तिथे एकीने विचारलं तेव्हा मी विषय बदलला. आणि भीती तर होतीच. मुलीचं अभ्यासाचं टेबल मी खिडकीपासून उचलून आतल्या खोलीत नेलं. तिला म्हटलं, इथे ऊन डोळ्यावर येतं. दगड आला तर, हे नाही सांगितलं.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात गल्लीतल्या देवीच्या मंडळाचा अध्यक्ष आणि त्याच्या मागे दोन पोरं. नवऱ्याने घाईघाईने शर्ट चढवला. तिघं सोफ्यावर बसले, मी पाणी दिलं. तेवढ्यात सासरे आतून आले आणि खुर्ची ओढून समोर बसले.

“बॅनरचं म्हणत असाल तर आम्ही काढतोच आहोत,” नवरा म्हणाला.

“नाही काढत,” मी म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच सर्वांत जास्त दचकले होते, पण आता थांबता येत नव्हतं. “त्यात कुणाला वाईट काय बोललंय? मी याच घरात रोज पूजा करते. फुलं बाबा आणून देतात. त्यांनी मला कधी अडवलं नाही, मग आपण त्यांना का अडवायचं?”

अध्यक्षाने ग्लास खाली ठेवला. “वहिनी, आम्ही बॅनरसाठी नाही आलो. दोरीसाठी आलोय.”

दरवर्षी मंडळाच्या पताकांची दोरी आमच्या ग्रिलपासून समोरच्या बिल्डिंगपर्यंत बांधतात. कोपरा आमचा, त्यामुळे दुसरीकडे बांधली तर ती मधेच लोंबते. कधी कुणी विचारत नसे. पोरं यायची, बांधून जायची.

“काका, आता तुम्ही उघड लिहिलंय ना,” तो म्हणाला. “म्हटलं, देवीच्या पताका तुम्हाला चालतील की नाही. विचारलेलं बरं.”

“न चालायला काय झालं?” सासरे म्हणाले. “फक्त ती खालची पट्टी सैल झालीय. वरच्या गजाला बांधा.”

नवऱ्याला अजून खरं वाटत नव्हतं. “म्हणजे बॅनरबद्दल काहीच नाही?”

“आहे ना. आमच्यातही बोलणं झालं. मी म्हटलं, आपला स्पीकर ते नऊ दिवस ऐकतात. आपल्याला दोन ओळी जड झाल्या काय?”

सोबतच्या पोरांपैकी एक मात्र तोंड वाकडं करून बसला होता. “मला नाही आवडलेलं ते,” तो म्हणाला. “सांगून ठेवतो.”

“आवडलंच पाहिजे असं कुठे आहे?” सासरे म्हणाले. “तोंडावर सांगितलंस, बरं वाटलं.”

मी चहा ठेवायला आत गेले. आलं किसत बसले नाही. तसंच ठेचून टाकलं. बाहेर नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा हसत होता, आणि दोरी कुठल्या गजाला बांधायची यावर बापलेकात पुन्हा जुंपली होती.

ते गेल्यावर नवरा सासऱ्यांना म्हणाला, “बाबा, मी घाबरलो होतो.”

“मग मी काय नव्हतो?” सासरे म्हणाले. “त्या फोटोपासून दुपारची झोप नाही मला.”

एवढं बोलून ते आत जाऊन आडवे झाले. दिवेलागण झाली तरी उठले नाहीत. घोरण्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. मी टीव्ही बारीक केला.