जहाजाचे सोळा व्हॉल्व्ह

कोणी वाईट काम पुढे केलं की तावडे ते दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तसं उचलायचे आणि म्हणायचे, "ह्यां कोणाक दाखवूक हाडलंस?"

ऐंशीच्या दशकात साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी टायपिस्ट होतो. तावडे तिथले तपासनीस. काम पास झालं की त्यावर 'ता' असा पोलादी ठसा ते स्वतः मारायचे.

एका विमानवाहू जहाजाच्या दुरुस्तीचं पोटकंत्राट मिळालं तेव्हा शेठने पेढे वाटले. जहाज जुनं, परदेशातून वापरलेलं घेतलेलं. समुद्रापेक्षा गोदीतच जास्त राहायचं. दर वेळी खर्चाचा अंदाज एक आणि बिल भलतंच. तावड्यांनी पेढा घेतला नाही. "हत्ती घेवक सोपो, पोसूक कठीण," ते म्हणाले. "हत्ती रोडावता आणि गवतवाले जाडे होतंत."

जहाजाचे सोळा वाफेचे व्हॉल्व्ह आले. आतून पार झिजलेले. शेठ म्हणाला, "घासा, रंगवा, पाठवून द्या. सरकारी पैसा आहे, तावडे. तुमच्या खिशातून जातोय का?"

"माझ्याच खिशातून जातोय. पण ते सोडा," तावडे म्हणाले, आणि संतापले की यायचे तसे मालवणीवर आले. "बोटीच्या पोटात पोरां असतंत. वाफ फुटली तर हुद्दो विचारूची नाय."

दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेले असताना शेठने त्यांच्या खणातून ठसा काढला आणि सोळाही व्हॉल्व्हवर मारून घेतला. चाचणी पार पडल्याचा दाखला मी टाईप केला. चाचणी झालीच नव्हती, हे मला माहीत होतं. नोकरी नवी आहे, असं मी स्वतःला समजावलं.

तावडे परतले तेव्हा माल टेंपोत चढला होता. त्यांनी आपला ठसा पाहिला. मुकाट्याने छिन्नी-हातोडा घेऊन ते टेंपोत चढले आणि एकेका व्हॉल्व्हवरचा 'ता' खरवडून काढला. शेठ खालून ओरडत होता, ड्रायव्हर बिडी ओढत मजा बघत होता. मग ते माझ्या टेबलाशी आले, दाखला वाचला आणि म्हणाले, "टायपिंग झकास आहे रे तुझं. एक चूक नाही."

संध्याकाळी शेठने त्यांना काढून टाकलं.

पण छिन्नीचे घाव घेऊन माल जाणार कसा? खरवडलेला ठसा दिसला की गोदीत चौकशी होणारच. नाइलाजाने, आत दाबाने पाणी भरून, खरी चाचणी झाली. पाच व्हॉल्व्हमधून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. ते नव्याने बनवले, आणि शेठने तो खर्चही जहाजाच्याच बिलात चढवला.

हे सांगायला मी जोगेश्वरीला त्यांच्या घरी गेलो. वाटलं, खूश होतील. ते शेजारणीचा स्टोव्ह दुरुस्त करत बसले होते.

"उरलेले अकरा?"

"पास झाले."

"दाखलो कोणी टाईप केलो?"

"मीच."

"चाचणेक उभो होतंस?"

मी नव्हतो. शेठने सांगितलं, मी टाईप केलं.

"मग तुका काय म्हायत?" एवढं बोलून त्यांनी पिन स्टोव्हच्या तोंडात घातली. चहा विचारला नाही.

तावड्यांना पुन्हा कुठल्याच वर्कशॉपने घेतलं नाही. मी मात्र त्यानंतर चाचणीपाशी स्वतः उभा राहिल्याशिवाय एकही दाखला टाईप केला नाही. त्यात माझ्या दोन नोकऱ्या गेल्या.