बारा खणांचं माळवद

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या चाकूरकडच्या गावातल्या विहिरी आटल्या, या दोन गोष्टी मागंपुढंच घडल्या. पहिलीशी माझा संबंध एवढाच, की नव्या जिल्ह्याला नवे पोलीस लागणार होते. दुसरीशी असा, की पोलीस व्हायला पळावं लागतं आणि पळलं की तहान लागते.

याआधी नांदेडच्या भरतीत मी एकदा हात हलवत परत आलो होतो. दम कमी पडला, असं गावात सांगितलं. खरं म्हणजे दम होता, डोकं कमी पडलं. मैदानाला पळायच्या बारा फेऱ्या होत्या. तिसरीपासून माझ्या डोक्यात पाण्याशिवाय काही येईना. आधी एक रांजण दिसला, मग दोन, मग भरलेली बारव, आणि आठव्या फेरीला मी त्या नसलेल्या बारवेच्या पायरीवर खाली बसलो. पाय आपले चालत राहतात, डोक्याला मात्र काहीतरी काम द्यावं लागतं, हे तेव्हा कळलं.

मग कामं देऊन बघितली. पाढे म्हटले, पण एकोणिसाचा पाढा मला उभं राहूनही येत नव्हता, पळताना कुठून येणार. मग मनातल्या मनात शाळेतल्या गुरुजींशी भांडलो. राग आला की पाय जोरात पडतात, तिसऱ्याच फेरीला छाती फुटायची वेळ येते. शेवटी डोक्यातच घर बांधायला घेतलं.

आमच्याकडं घर खोल्यांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं माळवद दोन खणांचं, त्यात दादा, वैनी, त्यांची तीन लेकरं, एक शेळी आणि मी. तेव्हा मी ठरवलं, पोलीस झालो की बारा खणांचं बांधायचं. गावाबाहेरच्या कोरड्या पाझर तलावाला चकरा मारायच्या आणि एका चकरेला एक खण उभा करायचा. भिंत, तुळई, वर फळ्या, त्यावर पांढरी माती दाबून बसवायची. फेरी मोजायचीही सोय झाली. पहिले दहा खण माझे, शेवटचे दोन दादाचे.

पहिल्या दिवशी मी घरापासूनच पळत निघालो, तर गल्लीतल्या बाया घागरी घेऊन मागं धावल्या. त्या दिवसांत माणूस पळताना दिसला की टँकर आला, असंच समजायचे. वेशीपाशी त्यांना कळलं, तेव्हा एका म्हातारीनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तलावापर्यंत पेशंटसारखा हळूहळू चालत जाऊ लागलो.

दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. आपल्या वाट्याच्या पाण्यातलं अर्धं माझ्या तांब्यात ओतायचा. मी नको म्हटलं की म्हणायचा, "मला घामच येत न्हाई रे बारक्या, मला कशाला लागतंय पाणी." मी एकदाच नको म्हटलं असेल. दुसऱ्यांदा म्हटल्याचं आठवत नाही.

भरतीच्या दिवशी दादा काम बुडवून लातूरला आला. दोरीपलीकडं ओलं फडकं गुंडाळलेली बाटली धरून उभा राहिला. शिट्टी झाली. मी बांधायला लागलो आणि काय सांगू, असं बांधकाम कधी झालं नव्हतं. सहा फेऱ्या, सहा खण, पुढं फक्त तिघं. एवढं जमलं की अंगात हवा भरली. पोलिसाच्या घरी चार माणसं येणार, त्यांना बसायला मोठी बैठक नको? ती कुठून काढायची? दादाला दोन खण कशाला, त्याचे गावातले आहेतच की. पळता पळता मी दादाचे दोन खण त्याच्याकडून काढून माझ्या बैठकीला जोडले. त्याचे खण माझ्या डोक्यात रोजच्या सरावानं आयतेच उभे होते, बांधायची गरजच नव्हती. सहाचे आठ झाले. चार फेऱ्यांत बाकीचे चार झाले. बारावा खण पुरा करून मी रेषेबाहेर गेलो आणि दादाच्या हातातली बाटली तोंडाला लावली.

दादा लेकरासारखा हसत होता. म्हणाला, "पैला आलास की रं."

तेवढ्यात हवालदार ओरडत आला. दोन फेऱ्या राहिल्यात, रेष कुणाला विचारून सोडली? मी तोंडातलं पाणी गिळलं. परत आत जाऊ का विचारलं, तर त्यानं माझ्या छातीवरचा नंबर ओढून काढला आणि उलटं विचारलं, "सासुरवाडीला आला व्हतास का पाणी प्यायला?" मागून येणारे माझ्यासमोरून पळत गेले. त्यांतला एक तर चक्क लंगडत होता. तोही पोलिसात लागला, हे नंतर कळलं.

स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही बसलो. दादानं विचारलं, "थांबलास कशामुळं?"

त्याला खरं सांगायची तयारी मी आतल्या आत दोनदा केली. म्हटलं, पायात गोळा आला.

त्याचा चेहराच बदलला. मला बाकावर आडवं व्हायला लावून तो खाली फरशीवर बसला आणि धोतराचा सोगा खोचला. मग म्हणाला, "असं म्हण की मग. मला वाटलं, पोटात काय न्हाई म्हणून थांबलास. कुठला पाय?"

मी दोन्ही पायांकडं बघितलं. दोन्ही ठणठणीत होते. मग डावा पुढं केला. खडी फोडून राठ झालेल्या हातांनी तो चाकूरची गाडी लागेपर्यंत माझी पोटरी चोळत राहिला, आणि जास्त दुखतंय का म्हणून अधूनमधून विचारत राहिला. मी हाव म्हणत गेलो.