बाबांच्या पाचशे गोळ्या

मी इकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूमध्ये पिस्तूल घेतलंय हे नागपूरच्या मावशीला कळलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "नवऱ्याला धाक दाखवायला का गं?" म्हटलं, त्याला माझी जीभ पुरते. पिस्तूल घेतलं शनिवारी क्लबात नेम धरायला. लहानसं, माझ्या हातात बसणारं. पण त्याचा ट्रिगर इतका जड, की तो ओढता ओढता माझी गोळी शेजारणीच्या टार्गेटला लागायची. म्हणून मी नेटवरून दुसऱ्याच कंपनीचा हलका ट्रिगर आणि स्प्रिंग मागवली आणि बसवून घेतली.

हे बाबांना कळलं आणि घरात आग लागली. माझ्या वडिलांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात, तपासनीस म्हणून. आई गेल्यावर मी त्यांना ग्रीन कार्ड करून इकडे आणलं, आणि इथे त्यांचा शोपीस झाला. सकाळी सोफा, दुपारी सोफा. मी कामावरून आले की विचारायचे, "काही काम आहे का?" मी म्हणायचे, तुम्ही आराम करा. मूर्ख मी. शेवटी एक दिवस म्हणाले, "दिवाळी झाली की माझं तिकीट काढ. इथे माझी गरज काय?" मी रागाच्या भरात नोव्हेंबरअखेरचं तिकीट काढलं आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नागपूरच्या फ्लॅटमध्ये त्यांना चहा विचारायलाही कुणी नव्हतं.

त्यात हे पिस्तूल आलं. "परका पार्ट टाकला आणि तपासला नाही? काहून?" बाबा सोफ्यावरून उठले ते उठलेच. शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. नियम एकच: पाचशे गोळ्या एकदाही न अडकता सुटल्या तर पार्ट पास. मध्ये एक जरी अडकली, तर मोजणी पुन्हा एकपासून. आम्ही दर शनिवारी पन्नास गोळ्या झाडत होतो. मी झाडायच्या, बाबांनी कानाला मफ लावून मागे उभं राहायचं आणि वहीत रेघा ओढायच्या. माझा नेम चुकला आणि मी उजेडाला नावं ठेवली की म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं." माणूस पुन्हा टोचून बोलायला लागला, मला बरं वाटलं.

पण ते मेलं पिस्तूल अडकेचना. दीडशे झाल्या, तीनशे झाल्या, चारशे झाल्या. लोक प्रार्थना करतात पिस्तूल चालावं म्हणून, मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, एकदा तरी अडक. मोजणी अर्धवट टाकून बाबा विमानात बसणारे नव्हते, पण आता दोनच शनिवार उरले होते आणि लगेच तिकीट होतं.

चारशेव्या गोळीनंतर मी घरी पिस्तूल खोलून साफ केलं. तेल घालण्याचं काम बाबांचं, माझ्यासमोर बसून. तेवढ्यात मला ऑफिसचा कॉल आला. मी पाठ करून पाच मिनिटं बोलले, तोवर त्यांचं काम झालं होतं. मी पिस्तूल जोडून तिजोरीत ठेवलं.

पुढच्या शनिवारी आमची नेमबाजीची नेहमीची बंदिस्त रेंज दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या उघड्या रेंजवर गेलो. हाडं गोठवणारी थंडी. पिस्तूल काढलं तेव्हा खोबरेलाचा वास आला. मला वाटलं बाबांचाच, माझ्या लहानपणापासून त्यांच्या अंगाला तोच वास.

पहिली गोळी. टक्. काहीच नाही. उशिरा सुटली तर म्हणून मी नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबले, गोळी काढली, दुसरी भरली. टक्. तिसरीही तशीच.

बाबांनी गोळीचं बूड, पिस्तुलातली पिन आपटते ती जागा, डोळ्यांजवळ नेलं. "पिन लागलीय, पण हलकी लागलीय. जोर नाही. तुझी स्प्रिंग फेल." आवाजात काय आनंद होता. मला हवं तेच झालं होतं, तरी मी चिडले. चारशे गोळ्या झाडल्या त्या काय दुसऱ्या स्प्रिंगनं? भांडत भांडत आम्ही गाडीपाशी चहा प्यायला आलो.

थंडीनं बाबांचे ओठ फुटले होते. त्यांनी खिशातून चोचीची छोटी बाटली काढली. त्यांना कुठलीही वस्तू मूळ बाटलीत बघवत नाही, सगळं लहान बाटल्यांत काढून ठेवतात. बाटली उलटी केली, दाबली. तेल येईना. आत पांढरं घट्ट गोठलेलं.

त्यांनी बाटली उजेडात धरली. मग म्हणाले, "पिस्तूल खोल."

मी टेबलाशी परत जाऊन ते रिकामं केलं आणि खोललं. पिन ज्यातून सरकते त्या नळीत साजूक तुपासारखा पांढरा थर होता. बाबांनी पिस्तुलाच्या बॅगेतून दुसरी बाटली काढली: दोन्ही सारख्याच, एकीत बंदुकीचं तेल, एकीत खोबरेल. डोळ्यांना फरक दिसला नाही, आणि नाक तर त्यांचं केव्हाच गेलंय.

मी घाईनं म्हटलं, "बाबा, हे धरू नका. पार्टची काही चूक नाही."

"अडकली की अडकली." त्यांनी वही उघडली. गारठलेल्या बोटांनी सावकाश लिहिलं: चारशे एक, नापास. कारणाच्या रकान्यात लिहिलं, तपासनिसाची चूक. खाली सही केली. त्यांनी स्वतःला नापास केलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते बघवलं नाही.

"आता एकपासून," ते म्हणाले. "किती शनिवार?"

"दहा."

"मग तिकीट?"

"कॅन्सल करते."

"कॅन्सल नको. पुढे ढकल." त्यांनी वही मिटली, आणि दोन्ही बाटल्या माझ्या हातात दिल्या. "मोजणी मी करतो. तेल मात्र आता तूच घालत जा."