ब्लासिदाबाई आणि रेडिओचं हट्टी घड्याळ
पॅराग्वेतल्या त्या छोट्या गावाला ब्लासिदाबाईंच्या आवाजाशिवाय उजाडल्यासारखं वाटत नसे. गावच्या रेडिओवर त्या पहाटेच येऊन बसत. शेजारी ‘माते’ नावाच्या कडू चहाचा पेला, समोर माईक. कुणाचा वाढदिवस, कुणाची हरवलेली गाय, सगळं त्या रंगवून सांगत. बोलण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. फक्त ‘चुकले’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नसे.

तिथंच घोडं अडलं होतं. देओलिंदा त्यांची जिवाभावाची मैत्रीण, त्यांच्या मुलाची धर्ममाता. तिची चिपा, म्हणजे चीज घातलेली पावाची कडी, दगडासारखी असते, असं बाई भर रेडिओवर चेष्टेत बोलून बसल्या. देओलिंदानं बोलणंच टाकलं. आणि आता ती कायमची ब्वेनोस आयर्सला, लेकीकडे निघाली होती. सोमवारी सकाळी सहाची बस.

समोर जायचं धाडस होईना, म्हणून बाईंनी दार लावून माफी रेकॉर्ड केली, मागं देओलिंदाच्या आवडीची पोल्काची धून जोडली आणि कॉम्प्युटरला सोमवारी पहाटे साडेपाचची वेळ देऊन ठेवली. तेव्हा ती चुलीपाशी रेडिओ लावून बसते.

पण हिवाळ्याआधी घड्याळं मागं घ्यायची पद्धत सरकारनं नुकतीच बंद केली होती, आणि हे त्या जुनाट कॉम्प्युटरला कुणीच कळवलं नव्हतं. दरवर्षीसारखा रविवारी तो मुकाट्यानं तासभर मागं गेला. सोमवारी साडेपाच उलटले तरी माफी लागेना. बाईंनी पाहिलं, तर पडद्यावर साडेचार!

“झोपलास काय रे मेल्या?” म्हणत त्यांनी वेळ तासभर पुढं केली. कॉम्प्युटरच्या लेखी साडेपाच होऊनही गेले. माफी गाळून तो थेट बाजारभावांवर गेला. बाई रेकॉर्डिंग शोधत राहिल्या, आणि खिडकीबाहेरून बस निघून गेली. त्या रडल्याच. मग डोळे पुसून बातम्या वाचू लागल्या.

इकडे कॉम्प्युटरनं इंटरनेटवर आपली वेळ ताडून पाहिली, जुन्याच नियमानं हिशेब केला आणि बाईंनी दिलेला तास गुपचूप परत केला. साडेसहाला, म्हणजे त्याच्या साडेपाचला, बातम्या तोडून माफी सुरू झाली. बाईंनी कपाळावर हात मारला. आता ऐकणार कोण?

माफीमागून पोल्का लागली, तोच फोन वाजला. बस नाक्यावर न्याहारीला थांबली होती.

“अगं भवाने, अख्खी बस ऐकतेय!” देओलिंदा ओरडली. “ड्रायव्हरनं आवाज मोठा केलाय!”

“ऐकलंस ना? मग झालं तर.”

“झालं कसं? मशीनकडून वदवून घेतेस होय? तुझ्या तोंडानं म्हण.”

पोल्का संपली. माईकचा लाल दिवा लागला; आता बोललेलं थेट गावभर जाणार होतं. माईक बंद करायला बाईंनी हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

“चुकले गं,” त्या म्हणाल्या. “तुझी चिपा माझ्यापेक्षा चांगली होते. आता तिकडं जाऊन मला विसरू नकोस, मेले.”