बाजूची चाकं

माझ्या वडिलांना उचलायला माणसं कायम तयार असायची. आमच्या पडेगावला बस थांबली की कंडक्टर ओरडायचा, "ए, त्या लंगड्याला वर घ्या रे!" मग दोघंतिघं अण्णांच्या काखेत हात घालून त्यांना पोतं चढवावं तसं आत ढकलायचे आणि मागून कुबडी फेकायचे. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. स्टेशन रोडला त्यांची घड्याळदुरुस्तीची टपरी होती आणि घर त्या टपरीवर चालायचं. बस भरलेली असली की ड्रायव्हर अण्णांना बघून गाडी पुढं काढायचा. रिक्षावाले यांना चढवण्यात वेळ जातो म्हणून थांबायचे नाहीत. मग त्या दिवशी टपरी बंद. अण्णा घरी परत येऊन ओट्यावर बसायचे, आणि आई डब्यातलं पीठ बघून ठरवायची, किती भाकरी थापायच्या ते.

अण्णा तसे लासूर स्टेशनजवळच्या शेतकऱ्याचं पोर. वाटणीच्या वेळी माझ्या थोरल्या चुलत्यांनी त्यांना सरळ सांगितलं, "तुला औत धरता येतंय का? मग तुला जमीन कशाला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. दोन्ही पाय धड नसले तर हिस्सा मिळत नाही, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय, असं विचारायला तेव्हा आमच्या घरात शिकलेलं कुणी नव्हतं. तो राग अण्णांनी गिळला. मी गिळला नाही. आज लिहितानाही तो माझ्या घशाशी आहे.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. मेकॅनिकल इंजिनिअर. पोरीच्या जातीनं पाने-पकडी कशाला धरायच्या, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वाळूजला नोकरी लागली आणि पहिलं काम मी केलं ते अण्णांसाठी एक जुनी गिअरची स्कूटर घेतली. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगाला दोन छोटी चाकं बसवून घ्यायची, म्हणजे पाय टेकवायची गरज नाही. उजव्या पायानं ब्रेक, हातानं गिअर. अण्णांना दोन्ही जमत होतं.

चाकं बसवली आमच्याच भागातल्या एका वेल्डरनं. मी कामावर होते तेव्हा त्यानं जाड लोखंडी अँगल थेट स्कूटरच्या सांगाड्याला जोडून टाकले. संध्याकाळी मी गेले तर हा गडी त्या अँगलवर उभा राहून उड्या मारत होता.

"बघा ताई, एकदम कडक! हत्ती बसला तरी हलणार नाय."

आमच्याकडं कडक म्हणजे चांगलंच. चहा कडक, इस्त्री कडक, मास्तर कडक, तसं चाकही कडक. ते न हलणंच चुकीचं आहे हे मला दिसत होतं. मी बोलले. तो हसला. अण्णांनी तोवर किक मारली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी पुढं बोलले नाही.

आठवडाभरात नगर नाक्याला अण्णा उलटले. छावणीकडून येऊन डावीकडं वळत होते. उजव्या अंगाचं चाक खड्ड्याच्या काठावर आदळलं. ते हलायला तयार नव्हतं, म्हणून अख्खी गाडीच उचलली गेली आणि वळणाच्या झोक्यानं उजवीकडं, वाहत्या रस्त्यात, आडवी झाली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून अण्णा वाचले. खांदा सुजला, कोपर सोलवटलं.

दुसऱ्या दिवशी लासूरहून थोरले चुलते आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "झाली ना हौस? ती गाडी विकून टाका. आणि तू गावाकडं चल. कोपऱ्यात पडून राहा. दोन घास काय आम्ही देणार नाय व्हय तुला?"

जमीन खाऊन दोन घास द्यायला निघालेल्या माणसाकडं मी बघत राहिले.

"आणि ही," माझ्याकडं बोट करून ते म्हणाले, "लई शिकली! बापाला मारायचंच शिकली जणू."

"काका," मी म्हटलं, "गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"त्याच्या असंल."

"मग ती विकायची का नाही ते ते बघतील. वाटण्या झाल्यात आपल्या."

आईनं कपाळाला हात लावला. काका उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "पुन्हा पडला तर मला सांगावा धाडू नका."

ते गेल्यावर अण्णा इतकंच म्हणाले, "माय, मला घरी बसवू नको." रागावले की ते मला बाई म्हणायचे आणि काळजातलं काही असलं की माय. "पण पुन्हा पडलो तर मी होऊन बसंन. मग मला कुणी काही सांगायचं नाय."

म्हणजे एकच संधी होती. माणूस आणखी एकदा पडला की टपरी संपली, आणि टपरीबरोबर माणूसही.

मी स्कूटर ढकलत वेल्डरकडं नेली आणि म्हटलं, "हे अँगल कापा."

"कापू? एवढं कडक काम?"

"चाकाला वरखाली हलायला जागा पाहिजे. दोन्ही बाजूंना वेगळे शॉकअप लावायचे."

"कॉलेजात गाडी ढिली करायला शिकवतेत का ताई?" त्यानं शेजारच्या पंक्चरवाल्याकडं बघत विचारलं. दोघं हसले. "ढिली केली तर तुमचे वडील अजून पडतील. मंग माझ्या नावानं बोंब माराल. मी नाय कापणार."

मला भांडण येतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मी रस्त्याच्या कडेला एक वीट ठेवली. "बसा गाडीवर. विटेच्या अलीकडून डावीकडं वळा, उजवं बाजूचं चाक विटेवरनं जाऊ द्या. तुम्हाला तर दोन पाय आहेत."

"हात्तिच्या," म्हणत तो बसला. रुबाबात वळला. चाक विटेवर चढलं, गाडीनं त्याला वरच्या वर फेकलं, आणि पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या टबात त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. पंक्चरवाला आता दुसऱ्याच कारणानं हसायला लागला. "कडक!" तो ओरडला. "एकदम कडक, उस्ताद!"

वेल्डरनं पॅन्ट पिळली, माझ्याकडं न बघता ग्राइंडर उचलला आणि अँगल कापले.

जुन्या मोपेडचे दोन शॉकअप, म्हणजे धक्का खाणाऱ्या स्प्रिंगा, मी भंगारातून आणले होते. त्याच्याकडून दोन दांडे करून घेतले. एक टोक सांगाड्याला असं जोडलं की दांडा वरखाली हलेल, दुसऱ्या टोकाला चाक, आणि मध्ये शॉकअप. चाकं थोडी बाहेर घेतली. शॉकअपच्या खालच्या कड्याला पायऱ्यांसारखे खाचे असतात. आकड्यासारख्या वाकड्या पान्यानं कडं फिरवलं की स्प्रिंग दाबली जाते आणि ताठ होते, उलटं फिरवलं की मऊ. सगळा खेळ या खाच्यांचा होता. फार मऊ ठेवलं तर वळताना गाडी बाहेरच्या अंगाला झुकणार. फार ताठ ठेवलं तर पुन्हा तेच, वेल्डरचा हत्ती. बाजूची चाकं खाली जास्त उतरली तर मागचं मुख्य चाक हलकं पडणार आणि ब्रेकच लागणार नाही.

रविवारी आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर, जिथं जुन्या गोदामाची फरशी शिल्लक होती, मी बादलीभर पाणी ओतलं. अण्णांना म्हटलं, पाण्यातनं जा आणि डावीकडं वळा. कोरड्या फरशीवर चार चाकांच्या ओल्या रेघा उमटल्या. ज्या चाकाची रेघ तुटते ते चाक तिथं उचललं गेलं, एवढं साधं. पहिल्या फेरीत वळणावर आतल्या, डाव्या चाकाची रेघ पार गायब. गाडी उजवीकडं अशी कलली की आईनं पदर तोंडात धरला.

"सर्कस लावली काय गं बापाची!" ती ओरडली.

"तू आत जा," अण्णा म्हणाले.

"मी नाय जात. पडलात तर उचलायला कोण आहे?"

"कुणी उचलू नका मला!" अण्णा असे ओरडले की शेजारच्या घरातनं बाया बाहेर आल्या. अण्णांना ओरडताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांचा आवाज माझ्यासारखाच होता, किंवा माझा त्यांच्यासारखा.

मी दोन्ही शॉकअप एकेक खाचा ताठ केले. उजव्या वळणाला रेघा चारही अखंड आल्या. डाव्या वळणाला आतली रेघ तुटतच राहिली. वेल्डरही तोवर तिथं येऊन उभा राहिला होता, ओल्या पॅन्टीचा राग विसरून. तो म्हणाला, "बरोबर सारखं केलंय ना दोन्ही? सारखं पाहिजे बरं का. देवाच्या पालखीचे दांडे कसे सारखे असतेत."

सारखं. तो शब्द ऐकला आणि माझं डोकं सणकलं. अण्णा सारखे कुठं होते? डाव्या पायात जोर नाही म्हणून ते बसतात उजव्या नितंबावर. स्कूटरचं इंजिन उजव्या अंगाला. कुबडी बांधलेली उजव्या अंगाला. सगळं वजन उजवीकडं, आणि डावीकडं वळलं की तेही उजवीकडंच ढकललं जाणार. दोन पायांच्या माणसाचं माप घेऊन सगळं जग बनवायचं आणि मग एका पायाच्या माणसाला म्हणायचं, तुला जमत नाही. बसची पायरी तशी, जमिनीची वाटणी तशी, आणि आता ही स्प्रिंगसुद्धा.

"सारखं नाही करायचं," मी म्हटलं. "उजवा ताठ, डावा मऊ."

"वाकडी दिसंल गाडी," वेल्डर म्हणाला.

"दिसू दे."

कुबडी मी डाव्या अंगाला बांधली. उजव्या शॉकअपचं कडं आणखी दोन खाचे फिरवलं, डाव्याचं एक खाचा उलटं. मागच्या मुख्य शॉकअपची स्प्रिंगही ताठ केली, म्हणजे मागचं चाक जमिनीला दाबून राहील. अण्णा नसताना उभी केली की गाडी खरंच थोडी डावीकडं कललेली दिसायची. अण्णा बसले की सरळ व्हायची.

पुन्हा पाणी ओतलं. अण्णा वळले. उन्हात रेघा वाळायच्या आत मी धावत जाऊन बघितलं. चार रेघा, कुठंही तुटलेल्या नाहीत. "विटेवरनं घेऊ का?" अण्णांनी स्वतःच विचारलं. वीट ठेवली. उजवं चाक विटेवर चढलं, दांडा वर गेला, खाली आला, आणि अण्णा जसे होते तसे बसून राहिले.

"बाई," ते मला म्हणाले, म्हणजे अजून रागातच होते, "हे आधी का नाय केलं?"

मी वेल्डरकडं नुसतं बघितलं. तो म्हणाला, "असं बघू नका ताई. चहा सांगतो."

सोमवारी सकाळी अण्णा एकटे निघाले. मी मागून माझ्या सायकलवर, त्यांना दिसणार नाही अशी. छावणी ओलांडली. नगर नाक्याला ट्रक, बसा, काळीपिवळी, सगळ्यांचे हॉर्न चाललेले. एक रिक्षावाला त्यांना कट मारत ओरडला, "ओ काका, घरी बसा ना!" अण्णांनी मान वळवली नाही. गिअर खाली घेतला, डावीकडं वळले, खड्डा चुकवायच्या भानगडीत न पडता त्यावरून गेले, आणि सरळ होऊन पुढच्या गर्दीत शिरले. मी तिथंच कडेला थांबले आणि त्या रिक्षावाल्याला एक सणसणीत शिवी दिली. त्याला ऐकू गेली असावी, कारण त्यानं मागं वळून पाहिलं.

त्यानंतर नजर अधू होऊन काम बंद करेपर्यंत अण्णा रोज पडेगावहून स्टेशन रोडला त्याच स्कूटरवर गेले आणि त्याच स्कूटरवर घरी आले. ते पुन्हा कधी उलटले नाहीत.